विश्लेषण : पावसाचा मिलिमीटर भरवशाचा कसा झाला? हवामान उपकरणांना शिस्त लावणाऱ्या अॅना मणी कोण होत्या?

नंदुरबार जिल्ह्यात पावसाळ्यात रात्रभर पाऊस कोसळतो. सकाळी शेतात पाणी साचलेले असते, मका आडवा पडलेला असतो. मात्र महसूल मंडळातील पर्जन्यमापकाने ६० मिलिमीटरची नोंद केली असेल, तर सर्वसाधारण निकषानुसार ती अतिवृष्टी ठरत नाही. त्यासाठी २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस व्हावा लागतो. पंचनामे, मदत, विमा या सगळ्याची सुरुवात अशा एका आकड्यापासून होते. हा आकडा देणारे उपकरण बरोबर आहे, असे आपण गृहीत धरतो. देशातील हवामान उपकरणे तसे गृहीत धरण्याइतकी भरवशाची व्हावीत, यासाठी एका भौतिकशास्त्रज्ञ महिलेने पुण्यात बसून जवळपास दोन दशके काम केले. त्यांचे नाव अॅना मणी. ऊन, वारा आणि ओझोन मोजण्याच्या भारतातील कामावरही त्यांचा ठसा आहे. काय होते हे काम आणि आज त्याचा संबंध नंदुरबारच्या शेतकऱ्याशी कसा येतो, याविषयी…

पाच मिलिमीटरने नेमका काय फरक पडतो?

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर पडलेले एक लिटर पाणी. एक हेक्टर शेतावर तेच पाणी १० हजार लिटर होते. पर्जन्यमापकाचे तोंड मात्र लहान असते. २०० चौरस सेंटीमीटर तोंडाच्या मापकात एक मिलिमीटर पावसाचे जेमतेम २० मिलिलिटर पाणी जमा होते. म्हणजे ६० आणि ६५ मिलिमीटर यांतला फरक प्रत्यक्षात १०० मिलिलिटरचा, अर्ध्या पेल्याचा. मापक थोडा कलला, नरसाळ्यात पाने अडकली, शेजारी झाड किंवा भिंत आडवी आली किंवा मोजपात्रावरील खुणा चुकल्या, तर हा अर्धा पेला सहज हरवू शकतो. आकडा मात्र तरीही छापून येतो आणि तो चुकला आहे हे कागदावर कळत नाही. अॅना मणी यांच्या कामाचे मोल इथेच आहे. चुकीचे मोजण्यापेक्षा न मोजलेले बरे, अशी त्यांची ठाम भूमिका होती.

अॅना मणी यांची पार्श्वभूमी काय?

अॅना मणी यांचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ रोजी तत्कालीन त्रावणकोर संस्थानातील पीरमेड येथे झाला. आज हा भाग केरळमध्ये आहे. वडील स्थापत्य अभियंता होते आणि कुटुंबाचे वेलदोड्याचे मळे होते. आठ भावंडांतील त्या सातव्या. घरात मुलांना मोठ्या नोकरीसाठी तयार करायचे आणि मुलींचे लग्न करून द्यायचे, अशी त्या काळची रीत होती. अॅना यांचे लक्ष मात्र पुस्तकांत होते. आठव्या वाढदिवसाला मुलीला हिऱ्याची कर्णफुले देण्याची घरची पद्धत होती. त्यांनी ती नाकारून विश्वकोशाचे खंड मागून घेतले.

१९२५ मध्ये वायकोम सत्याग्रहाच्या काळात महात्मा गांधी त्या भागात आले होते. त्या वेळी अॅना लहान होत्या. गांधीविचाराचा प्रभाव त्यांच्यावर कायम राहिला आणि पुढे त्या खादी वापरू लागल्या. त्यांनी लग्न केले नाही. १९३९ मध्ये मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून त्यांनी भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्रात पदवी घेतली. पुढच्याच वर्षी शिष्यवृत्ती मिळवून त्या बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत दाखल झाल्या.

हिऱ्यांवर संशोधन करूनही पीएच.डी. का मिळाली नाही?

बंगळूरुमध्ये त्या सर सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत काम करू लागल्या. विषय होता हिरे आणि माणिक यांच्यातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचा. तीसहून अधिक हिऱ्यांचे वर्णपट त्यांनी नोंदवले. अतिशय मंद प्रकाशाची नोंद छायाचित्रणाच्या काचेवर उमटायला कधी १५ ते २० तास लागत. त्यामुळे रात्र रात्र प्रयोगशाळेत थांबावे लागे. १९४२ ते १९४५ या काळात एकट्याच्या नावावर त्यांचे पाच शोधनिबंध प्रसिद्ध झाले.

ऑगस्ट १९४५ मध्ये त्यांनी मद्रास विद्यापीठाला पीएच.डी.चा प्रबंध सादर केला. त्यांच्याकडे एम.एस्सी. ही पदवी नाही, असे कारण देत विद्यापीठाने पीएच.डी. नाकारली. संशोधनासाठीची शिष्यवृत्ती त्यांना आधीच्या पदवीवर मिळाली होती, संशोधनही पूर्ण झाले होते. पण नियमाने अडवले. पदवी न मिळाल्याने आपले काही अडले नाही, असेच त्या पुढील आयुष्यात सांगत राहिल्या. त्यांचे नंतरचे काम पाहता ते खरेही वाटते. तरी एका तांत्रिक अटीमुळे पूर्ण झालेले संशोधन पदवीविना राहिले, ही नोंद राहतेच.

मग हवामानशास्त्राकडे त्या कशा वळल्या?

ही वाट त्यांनी ठरवून निवडलेली नव्हती. भौतिकशास्त्रात पुढे जाण्याची त्यांची इच्छा होती. सरकारच्या योजनेतून इंग्लंडला प्रशिक्षणासाठी जाण्याची संधी आली, तेव्हा उपलब्ध जागा हवामान उपकरणांच्या विषयात होती. त्यांनी ती स्वीकारली. १९४५ मध्ये सैनिकांची ने-आण करणाऱ्या जहाजातून त्या इंग्लंडला गेल्या. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजशी संलग्न राहून त्यांनी तापमापक, वायुभारमापक, वाऱ्याची यंत्रे कशी बनवतात, कशी तपासतात आणि एकमेकांशी कशी जुळवतात, याचे शिक्षण घेतले.

१९४८ मध्ये त्या परतल्या, तेव्हा देश स्वतंत्र झाला होता. त्यांनी पुण्यात भारतीय हवामान विभागात नोकरी सुरू केली. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या या विभागाचे मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्यात आले होते. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजूनही शिमला ऑफिस म्हणतात. मुख्यालय नंतर दिल्लीला गेले, तरी उपकरणांचे काम पुण्यात राहिले.

पुण्याच्या कार्यशाळेत काय घडले?

त्या काळी साधी हवामान उपकरणेही बहुतांश ब्रिटनमधून येत. दुसऱ्या महायुद्धात हा पुरवठा अडखळला. त्यामुळे एस. पी. वेंकटेश्वरन यांच्या पुढाकाराने पुण्यात उपकरणे बनवण्याची कार्यशाळा उभी राहिली होती. अॅना मणी तिथे रुजू झाल्या आणि १९५३ मध्ये त्या विभागाच्या प्रमुख झाल्या. त्यांच्या हाताखाली १२१ पुरुष काम करत होते.

एक उपकरण हाताने नीट बनवणे आणि तेच उपकरण शेकड्याने एकसारखे बनवणे, यांत मोठा फरक आहे. जुन्या पद्धतीत कुशल कारागीर आयात केलेला नमुना समोर ठेवून नवे उपकरण घडवत असे. तो कारागीर बदलला की उपकरणही थोडे बदले. मणी यांनी सुमारे १०० हवामान उपकरणांची अभियांत्रिकी रेखाचित्रे प्रमाणित करून घेतली. प्रत्येक भागाचे माप, धातू, जोडणी आणि स्वीकारार्ह चूक किती, हे कागदावर आले. त्याबरहुकूम उत्पादन सुरू झाले. पाऊस आपोआप कागदावर नोंदवणारे यंत्र, तापमान आणि वायुभाराचे आलेख काढणारी यंत्रे, वाऱ्याचा वेग आणि दिशा दाखवणारी यंत्रे देशातच बनू लागली. परकीय चलन तुटपुंजे असण्याच्या त्या दिवसांत याचे महत्त्व मोठे होते.

उत्पादनाइतकाच भर त्यांनी तपासणीवर दिला. वेधशाळेत जाणारे प्रत्येक उपकरण आधी प्रमाण उपकरणाशेजारी ठेवून दोघांचे आकडे जुळतात का, हे पाहिले जाते. फरक असेल तर तो दुरुस्त करतात किंवा त्याची नोंद ठेवून प्रत्येक वाचनात तेवढी सुधारणा करतात. बाजार समितीत वजनकाटा तपासून त्यावर शिक्का मारतात, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की इथे काटा डोंगरावर, उन्हापावसात, वर्षानुवर्षे उभा असतो. त्यामुळे तपासणी एकदा करून भागत नाही.

उपकरण कुठे ठेवले, याने काय बिघडते?

सातपुड्यातील उदाहरण घेऊ. कडाक्याच्या थंडीत अक्कलकुवा तालुक्यातील डाब आणि धडगाव तालुक्यातील तोरणमाळ परिसरात गवतावरचे दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात. त्याच पहाटे हवेचे तापमान शून्याच्या वर असू शकते. मग खरे काय? दोन्ही खरे असू शकते. हवामान विभागाचा तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, झरोके असलेल्या पांढऱ्या लाकडी पेटीत ठेवलेला असतो. निरभ्र, शांत रात्री जमीन वेगाने उष्णता गमावते आणि जमिनीलगतचा थर वरच्या हवेपेक्षा बराच थंड होतो. गवतावर बर्फ आणि पेटीत दोन-तीन अंश, असे चित्र त्यातून तयार होते.

सर्व ठिकाणी पेटी, उंची आणि मोकळी जागा सारखी असेल, तरच डाबचे तापमान पुण्याच्या किंवा नाशिकच्या तापमानाशी ताडून पाहता येते. पर्जन्यमापकाबाबतही हाच नियम आहे. जवळच्या झाडाची किंवा घराची जितकी उंची, त्याच्या किमान दुप्पट अंतरावर मापक असावा लागतो. साध्या मापकाचे वाचन देशभर सकाळी साडेआठ वाजता होते. या सारखेपणामुळेच वेगवेगळ्या गावांचे आणि वेगवेगळ्या वर्षांचे आकडे एका तक्त्यात मांडता येतात.

ऊन मोजण्याची गरज का भासली?

जुलै १९५७ ते डिसेंबर १९५८ हा काळ जगभर आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष म्हणून पाळला गेला. अनेक देशांनी एकाच वेळी पृथ्वी आणि वातावरणाची मोजणी करायची, अशी ती मोहीम होती. या निमित्ताने मणी यांनी भारतात सौर किरणोत्सर्ग मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभारले. सुरुवातीला उपकरणे बाहेरून आणली. नंतर त्यांची रचना आणि निर्मिती इथेच सुरू केली.

ऊन मोजणारे यंत्र दिसायला साधे असते. काचेच्या घुमटाखाली काळा पृष्ठभाग असतो. ऊन पडले की तो तापतो आणि तापमानातील फरकामुळे अगदी सूक्ष्म विद्युतदाब तयार होतो. त्यावरून एका चौरस मीटरवर किती ऊर्जा पडते, हे कळते. भर दुपारी, निरभ्र आकाशात हा आकडा हजार वॉटच्या आसपास जातो. दिवसभराची बेरीज केली तर भारताच्या बहुतांश भागात एका चौरस मीटरवर रोज ४ ते ७ युनिट इतकी ऊर्जा पडते. घुमटावर धूळ बसली किंवा काळा रंग फिका झाला तरी वाचन बदलते. म्हणून इथेही नियमित तपासणीला पर्याय नाही.

नंदुरबारला उन्हाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. बाजार समितीत आलेली ओली लाल मिरची शहराभोवतीच्या पथाऱ्यांवर वाळत घातली जाते. स्वच्छ ऊन मिळाले तर रंग टिकतो. ढग रेंगाळले किंवा अवकाळी सरी आल्या तर ताडपत्र्या ओढेपर्यंत माल भिजतो आणि काळा पडतो. पिकाला किती पाणी लागेल, वाळवणीला किती दिवस लागतील, सौर पंप दिवसाला किती वेळ चालेल, या सगळ्या हिशेबांच्या मुळाशी किरणोत्सर्गाचा आकडा असतो. निवृत्तीनंतर मणी यांनी देशभरातील अशा नोंदी संकलित केल्या. १९८० मध्ये भारतातील सौर किरणोत्सर्गाची माहिती देणारे त्यांचे संदर्भपुस्तक आले आणि त्यानंतर याच विषयावरील आणखी एक मोठा ग्रंथ. सौर ऊर्जा प्रकल्प आखणाऱ्या अभियंत्यांना त्यामुळे भारताची स्वतःची आकडेवारी हाताशी मिळाली. नंदुरबारला लागून असलेल्या साक्री तालुक्यात शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये उभा राहिला. अशा प्रकल्पांची पहिली पायरी हीच असते : तिथे वर्षभर ऊन किती पडते?

ओझोन आणि थुंबा यांच्याशी त्यांचा काय संबंध?

साठच्या दशकात मणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुग्यातून वर पाठवायचे ओझोनमापक तयार केले. फुगा वर जाताना छोटा पंप आजूबाजूची हवा एका रसायनाच्या द्रावणात सोडतो. हवेतील ओझोनशी रासायनिक क्रिया होऊन अल्प विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि त्याचा संदेश रेडिओद्वारे जमिनीवर येतो. त्यावरून कोणत्या उंचीवर किती ओझोन आहे, हे समजते. असे उपकरण स्वतः बनवणाऱ्या मोजक्या देशांत भारताचा समावेश झाला. ओझोनच्या थराला पडलेले अंटार्क्टिकावरील छिद्र १९८५ मध्ये जगासमोर आले. त्याच्या कितीतरी आधीपासून भारतात या मोजणीची सवय लागली होती. मणी आंतरराष्ट्रीय ओझोन आयोगाच्या सदस्यही होत्या.

१९६३ मध्ये केरळमधील थुंबा येथून भारताचे पहिले अग्निबाण उड्डाण झाले. अग्निबाण सोडण्यापूर्वी जमिनीलगतचा आणि वरचा वारा माहीत असावा लागतो. विक्रम साराभाई यांच्या विनंतीवरून थुंब्याची हवामान वेधशाळा आणि उपकरणांचा मनोरा उभारण्याचे काम मणी यांनी केले.

निवृत्तीनंतर वाऱ्याचा मागोवा का घेतला?

१९६९ मध्ये त्या उपमहासंचालक म्हणून दिल्लीला गेल्या आणि १९७६ मध्ये निवृत्त झाल्या. त्यानंतर तीन वर्षे त्या बंगळूरुच्या रामन संशोधन संस्थेत होत्या. पुढे वाऱ्याची आणि उन्हाची उपकरणे बनवणारी छोटी कार्यशाळाही त्यांनी बंगळूरुमध्ये चालवली. भारतात वाऱ्यापासून वीज मिळू शकते का, हा प्रश्न त्या वेळी नवा होता. १९८३ मध्ये डी. ए. मुळे यांच्यासह त्यांनी भारतातील पवन ऊर्जेची आकडेवारी पुस्तकरूपाने मांडली. नंतर अनेक राज्यांत मनोरे उभारून, प्रत्यक्ष वारा मोजून, पवनक्षमतेच्या सर्वेक्षणाचे खंड प्रसिद्ध झाले. वयाच्या साठीनंतर त्यांनी या कामाचे नेतृत्व केले.

पवनचक्कीत मोजणीची चूक फार महाग पडते. वाऱ्यातील ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला तर ऊर्जा आठपट होते. वेग मोजताना १० टक्क्यांची चूक झाली, तर ऊर्जेचा अंदाज सुमारे ३३ टक्क्यांनी चुकतो. शहरातील इमारतींमध्ये अडकलेल्या वेधशाळेचा वारा आणि मोकळ्या पठारावरचा वारा यांतही मोठी तफावत असते. म्हणून जिथे पवनचक्की उभारायची, तिथेच मनोरा उभारून किमान वर्षभर नोंदी घ्याव्या लागतात. साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेल परिसरात आणि तिथून नंदुरबार तालुक्याच्या हद्दीकडे पसरलेल्या माळरानांवर आज पवनचक्क्यांच्या रांगा दिसतात. कोणते पठार वाऱ्याचे आणि कोणते नुसते उघडे, हे ठरवण्याची शास्त्रशुद्ध पद्धत देशात रुजवणाऱ्यांत मणी यांचे नाव अग्रभागी आहे.

वातावरणशास्त्रात आज या शाखांचे स्थान काय?

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात वातावरण आणि अवकाश विज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे. पुण्यातच १९६२ मध्ये स्थापन झालेली भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. आजच्या संशोधकांच्या शाखा वेगवेगळ्या झाल्या आहेत : कुणी मान्सूनचे संगणकीय प्रारूप चालवतो, कुणी ढगांची सूक्ष्मरचना अभ्यासतो, कुणी हवेतील धूलिकण, कुणी सौर किरणोत्सर्ग, तर कुणी जमीन आणि हवा यांच्यातील उष्णतेची देवाणघेवाण. उपग्रह आणि महासंगणक हाताशी आहेत. तरी उपग्रहाने सांगितलेला पाऊस खरा आहे का, हे शेवटी जमिनीवरच्या मापकाशी ताडून पाहतात. प्रारूपाला सुरुवातीची माहितीही मोजणीतूनच मिळते. मणी यांच्या काळात एकाच कार्यशाळेत हाताळलेले विषय आता स्वतंत्र शाखा बनले आहेत आणि सगळ्यांचा पाया अजून उपकरणच आहे.

शेतकऱ्यासाठी या गोष्टीचा अर्थ काय?

नंदुरबारचा पाऊस सारखा नाही. नवापूर आणि सातपुड्याकडचे डोंगराळ पट्टे अधिक पाऊस घेतात, तर पूर्वेकडे तो कमी होत जातो. एका खोऱ्यात धो धो आणि टेकडीपलीकडे रिमझिम, हे चित्र नेहमीचे. अशा जिल्ह्यात मंडळातला एक मापक अनेक गावांच्या वतीने बोलतो. राज्यात आता महसूल मंडळ पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रे आहेत. तिथे पावसाच्या पाण्याने इवलेसे पात्र भरले की ते उलटते, प्रत्येक उलटण्याची नोंद होते आणि आकडा थेट संगणकावर जातो. मात्र नरसाळे तुंबले, तर हे आधुनिक केंद्रही शून्य पाऊस दाखवू शकते. केंद्राच्या आसपास झाडोरा वाढलेला नाही ना, कुंपण तुटलेले नाही ना, हे ग्रामपंचायतीने आणि शेतकऱ्यांनी पावसाळ्यापूर्वीच पाहिले आणि लेखी कळवले, तर नंतरचा वाद कमी होऊ शकतो.

अॅना मणी यांना १९८७ मध्ये भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे के. आर. रामनाथन पदक मिळाले. १९९४ मध्ये पक्षाघाताचा झटका आल्यानंतर त्यांचे हिंडणेफिरणे थांबले. १६ ऑगस्ट २००१ रोजी तिरुवनंतपुरम येथे त्यांचे निधन झाले. २३ ऑगस्ट २०२२ रोजी, त्यांच्या १०४व्या जयंतीला, गूगलने डूडल करून त्यांना अभिवादन केले, तेव्हा अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकले. ज्या देशात त्यांच्या प्रबंधाला पदवी मिळाली नाही, त्या देशातील हवामान केंद्रे त्यांनी घालून दिलेल्या शिस्तीवर उभी राहिली. ती शिस्त एकदा लावून संपत नाही. उपकरण स्वच्छ आहे का, सरळ आहे का, शेवटचे कधी तपासले, हे प्रश्न प्रत्येक पावसाळ्यात प्रत्येक मंडळात नव्याने विचारावे लागतात.